मळ्यातला विठ्ठल : संत सावता महाराज

वारकरी संतमालिकेत श्री सावता महाराजांचे स्थान आगळे आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात अरण हे त्यांचे गाव. शके 1172 मध्ये (इ. स. 1250) परसोबा व नांगिताबाई या दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. घराण्यात माळीकाम व विठ्ठलभक्ती दोन्ही पिढीजात. आजोबा दैवू माळी हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी. भेंडगावच्या जनाई यांच्याशी सावता महाराजांचा विवाह झाला. विठ्ठल व नागाताई ही त्यांची अपत्ये.

अरणचा मुलूख कमी पावसाचा. तेथे भाजीपाला पिकवायचा म्हणजे सारी भिस्त विहिरीवर. वैशाखात पाणी तळाला जाते, मोटेची खेप लांबते, बैल धापा टाकतात. म्हणून पहाटेच मोट धरायची आणि उन्हे चढली की सोडायची. पाटाचे पाणी वाफ्याला पोचेपर्यंत वाटेतच कितीतरी जिरते. पाण्याची एक पाळी चुकली तर पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते. पुढे मृगाचा पाऊस पडला की पिकाआधी तण उभे राहते. आषाढात चार दिवस खुरपणी राहिली, तर उन्हाळाभरचे कष्ट वाया जातात.

नेमकी याच आषाढात पंढरीची वारी! पंढरपूर अरणहून फार दूर नाही. ज्ञानेश्वर-नामदेवांचा तो काळ. वाळवंटात संतांचा मेळा भरे. तरीही सावता महाराज मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, असे परंपरा सांगते. हातात खुरपे, मुखी विठ्ठलाचे नाम, हीच त्यांची वारी. भाजी, मोट, पाट यांतच त्यांना देव दिसला आणि तेच त्यांच्या अभंगांत आले. काशीबा गुरव यांनी ते अभंग लिहून ठेवले. आज त्यांतील सुमारे 37 अभंग उपलब्ध आहेत.

पांडुरंग स्वतः मळ्यात आले आणि महाराजांनी खुरप्याने छाती चिरून त्यांना हृदयात लपविले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. शके 1217 (इ. स. 1295), आषाढ वद्य चतुर्दशीस ते अरण येथे समाधिस्त झाले. इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात. सावता महाराजांच्या भेटीसाठी मात्र पांडुरंगाचीच पालखी अरणला येते.

सूर्या नदीकाठच्या मासवण परिसरात पाऊस अरणच्या कितीतरी पट पडतो. पण येथेही आषाढ म्हणजे आवणीचा महिना. रोप वाढले, बांधणीत पाणी साठले, की घरातले लहानथोर शेतात उतरतात. सणावाराला देवळाची पायरी चढणेही कित्येकांना जमत नाही. अशा कष्टकऱ्याच्या मनाला रुखरुख लागू नये, एवढा दिलासा सावता महाराजांच्या चरित्रात खचित आहे. चिखलात उभ्या असलेल्या भक्ताकडे देव चालत येतो.

अशा या कर्मयोगी संतास त्रिवार वंदन!