रात्रीचा चित्रकार

सोलापुरात मकरसंक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते. यात्रेतील एका रात्री शोभेचे दारूकाम होते. एखादा बाण सरसर वर चढतो, फुटतो आणि त्याच्या सोनेरी ठिणग्या काळोखातून हलकेच खाली उतरतात. क्षणभराचे हे दृश्य चित्रात धरून ठेवता येईल काय? जेम्स व्हिस्लर या चित्रकाराने ते धरून ठेवले. परंतु त्यापायी त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

व्हिस्लरचा जन्म ११ जुलै १८३४ रोजी अमेरिकेतील लॉवेल या गावी झाला. पुढे सोलापूरला जशी कीर्ती मिळाली, तशी लॉवेललाही कापडगिरण्यांमुळेच मिळाली होती. तरुणपणी तो लष्करी विद्यालयात शिकत होता. पण रसायनशास्त्रात नापास झाल्याने ते त्याला सोडावे लागले. नंतर किनाऱ्याचे नकाशे करणाऱ्या सरकारी कचेरीत काही महिने नोकरी करताना, तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याचे ठसे घेण्याची कला त्याने हस्तगत केली. १८५५ साली तो पॅरिसला गेला व पुढे लंडनमध्ये स्थायिक झाला.

लंडनमध्ये तो टेम्स नदीकाठी राही. दिवसा धुराड्यांनी व कोठारांनी ओंगळ दिसणारा तो काठ रात्रीच्या धुक्यात निराळाच भासे. शेजारचे दोघे नावाडी बंधू त्याला रात्री होडीतून फिरवीत. अंधारात रंगकाम करणे कठीण. म्हणून तो एखादे दृश्य एकाग्रतेने न्याहाळी. मग त्याकडे पाठ फिरवून त्यातील दिवे, सावल्या, रंग सोबत्याला आठवून सांगे. काही चुकले तर पुन्हा पाही. सारे जुळले म्हणजे घरी परते आणि दुसऱ्या दिवशी चित्र रंगवी.

१८७७ साली, म्हणजे सोलापुरात पहिली कापडगिरणी स्थापन झाली त्याच वर्षी, त्याने दारूकामाचे एक चित्र प्रदर्शनात मांडले. त्याची किंमत २०० गिनी होती. ही तर लोकांची फसवणूक आहे, अशा आशयाची टीका जॉन रस्किन या मान्यवर समीक्षकाने केली. व्हिस्लरने अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. दोन दिवसांच्या कामाचे एवढे पैसे कसे, असे न्यायालयात विचारताच, ते मोल जन्मभर मिळवलेल्या ज्ञानाचे आहे, असे त्याने उत्तर दिले. १८७८ साली तो खटला जिंकला. पण भरपाई मिळाली अवघी एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! आधीच कर्ज होते, त्यात खटल्याचा खर्च. १८७९ साली त्याचे दिवाळे निघाले व राहते घरही गेले.

त्याच वर्षी १२ ठसाचित्रांचे काम घेऊन तो इटलीतील व्हेनिस शहरी गेला. कडाक्याच्या थंडीत तो कालव्यांकाठी काम करी. मेणाचा लेप दिलेल्या पत्र्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि तो आम्लात बुडवायचा. मेण निघाले असेल तेथे आम्ल तांबे खाते. त्या चरांत शाई भरून, उरलेला पत्रा पुसून त्यावर कागद दाबला, की चित्र उमटते. व्हिस्लर मात्र पत्र्यावर शाईचा पातळ थर मुद्दाम राखी. त्यामुळे एकाच पत्र्यावरून कधी संध्याकाळ उमटे, तर कधी गडद रात्र. रसायनशास्त्रात नापास झालेल्या विद्यार्थ्याने आम्लाकडून असे काम करून घेतले! १४ महिन्यांनी तो सुमारे ५० पत्रे घेऊन लंडनला परतला.

दारूकामाचे ते चित्र १८९२ साली ८०० गिनींना विकले गेले. १७ जुलै १९०३ रोजी व्हिस्लर लंडन येथे मरण पावला.

रात्री आपले गाव तुम्हीही पाहता. एकदा घटकाभर नीट पाहा, पाठ फिरवा आणि काय काय आठवते ते सांगून पाहा. पाहणे हीसुद्धा किती कष्टाने मिळवायची विद्या आहे, हे तेव्हा तुमच्या ध्यानात येईल.