मतदार यादीतले नाव आणि बाबासाहेब

बाबासाहेबांनी आपल्याला मत दिले, हे निवडणूक आली की प्रत्येक सभेत सांगितले जाते. त्यासाठी त्यांची तीस वर्षे गेली, हे सहसा कोणी सांगत नाही.

२७ जानेवारी १९१९ रोजी ते साऊथबरो समितीपुढे साक्षीला उभे राहिले तेव्हा अवघे २७ वर्षांचे, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्या काळी मत मिळे ते सारा आणि करावर. गावकुसाबाहेरच्या माणसाला ते कोठून मिळणार? अस्पृश्यांसाठी मताची पात्रता खाली आणा आणि आमचे प्रतिनिधी आम्हालाच निवडू द्या, अशी त्यांची मागणी होती. पदरात पडला मुंबई कायदे मंडळात सरकारने नेमलेला एक सभासद! १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. पुढे गोलमेज परिषद, लोथियन समिती, पुणे करार. राखीव जागा मिळाल्या, पण १९३५ च्या कायद्याने मत दिले ते सुमारे ३ कोटी लोकांना. बाकीचा देश बाहेरच राहिला.

बांधवांनो, एक गोष्ट आपणही लपवू नये. ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी प्रतिनिधित्वाची जी योजना मांडली, तीत आदिवासींना स्थान नव्हते. त्यांच्यात अजून राजकीय जाण आलेली नाही, असे कारण त्यांनी दिले होते. विरोधक हा मुद्दा काढतात आणि आपले वक्ते विषय बदलतात. मी वकील आहे, अर्धी नोंद वाचून युक्तिवाद करणे मला पटत नाही. माझ्या मते ते कारण चुकीचे होते. आणि चारच वर्षांनी त्यांच्याच मसुदा समितीच्या घटनेत २१ वर्षांच्या प्रत्येक नागरिकाला मत मिळाले, आदिवासींनाही. कलम ३२६ वाचून पाहा. त्याच जून १९४९ मध्ये, काही प्रांतांत वंशाने व भाषेने वेगळ्या लोकांची नावे यादीतून गाळली जात असल्याचे सांगून त्यांनी यादीचे काम प्रांतांकडून काढले आणि एका निवडणूक आयोगाच्या हाती दिले.

ऑस्ट्रेलियाने १९०२ च्या कायद्याने तिथल्या मूलनिवासींना मतापासून दूर ठेवले. देशाच्या निवडणुकीत त्या सर्वांना मत मिळाले ते १९६२ साली. आपल्याकडे भिल्ल, गोंड, कातकरी यांना १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत मताचा हक्क होता. त्याच निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत पडले, १९५४ मध्ये भंडाऱ्यातही पडले. ज्यांना मत मिळवून दिले त्यांनी ते कसे वापरावे, यावर त्यांचा ताबा नव्हता.

आमचा माळशिरस मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तरीही पालात राहणारे एक पारधी कुटुंब माझ्याकडे आले, ते पत्त्याचा पुरावा नाही म्हणून परत आलेला नमुना ६ चा अर्ज घेऊन. बेघर माणसाला असा कागद लागत नाही. तो जिथे झोपतो तिथे अधिकाऱ्याने रात्री, एकाहून अधिक वेळा जाऊन खात्री करायची, अशी आयोगाचीच सूचना आहे. ती सूचना जोडून मी अर्ज पुन्हा दिला आहे, आणि पाल कोणत्या ओढ्याकाठी आहे तेही त्यात लिहिले आहे.