स्वाक्षरी केलेले पत्र

हुकूमशहाला पत्रकाराचे प्रेत नको असते; प्रेताची अंत्ययात्रा निघते. माणूसच नाहीसा झाला की सरकार कानांवर हात ठेवावयास मोकळे. २४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हापासून तेथे हीच रीत झाली. सुमारे शंभर पत्रकार असे नाहीसे झाले. रोदोल्फो वॉल्श हे त्यांपैकी एक.

१९२७ साली आयरिश वंशाच्या कुटुंबात जन्मलेले वॉल्श तरुणपणी रहस्यकथा लिहीत, भाषांतरे करीत आणि बुद्धिबळात रमत. राजकारणाशी त्यांना कर्तव्य नव्हते. जून १९५६ मध्ये एक उठाव फसला आणि त्या रात्री पोलिसांनी काही नागरिकांना उकिरड्यावर नेऊन गोळ्या घातल्या. सहा महिन्यांनी ला प्लाता शहरातील एका कॅफेत वॉल्श यांच्या कानी आले की, गोळ्या घातलेल्यांपैकी एक जण जिवंत आहे! त्यास त्यांनी हुडकून काढले. मग दुसरा, तिसरा. बारांपैकी सात जण वाचले होते. लष्करी कायदा पुकारण्यापूर्वीच या माणसांना पकडले होते, हे त्यांनी सरकारी रेडिओच्या नोंदवहीवरून सिद्ध केले. १९५७ साली त्यावर पुस्तक निघाले. शिक्षा मात्र कोणासही झाली नाही, आणि रहस्यकथाकार वॉल्श तेथेच संपले.

पुढे हवानातील वृत्तसंस्था, कामगारांचे साप्ताहिक, आणि अखेर मोंतोनेरो या सशस्त्र संघटनेत प्रवेश. हा शेवटचा मार्ग आम्हांस मान्य होण्याजोगा नाही. तिच्या नेतृत्वाच्या चुका खुद्द वॉल्श यांनीही लेखी दाखवून दिल्या होत्या. परंतु १९७६ साली त्यांनी उभारलेली गुप्त वृत्तसंस्था ही निखळ पत्रकारिता होती. वृत्तपत्रे जे छापीत नव्हती ते टंकलिखित कागदांवरून हातोहात फिरे. त्याच सप्टेंबरात त्यांची कन्या विकी लष्कराशी झालेल्या चकमकीत गेली.

सत्तापालटास वर्ष झाले त्या दिवशी त्यांनी लष्करशहांना उघडे पत्र लिहिले. पंधरा हजार बेपत्ता, दहा हजार बंदिवान, चार हजार मृत असा हिशेब त्यात मांडला. आणि त्याहूनही मोठा गुन्हा म्हणून मजुरांचे खरे वेतन कसे चाळीस टक्क्यांवर आणले, तेही सांगितले. इतके दिवस निनावी लिहिणाऱ्या या माणसाने या पत्राखाली स्वतःचे नाव घातले, ओळखपत्राचा क्रमांकही घातला.

दुसऱ्या दिवशी, २५ मार्च १९७७ रोजी, पत्राच्या काही प्रती त्यांनी ब्युनोस आयर्समध्ये टपालात टाकल्या. थोड्याच वेळात नौदलाच्या टोळीने त्यांना भर रस्त्यात गाठले. जिवंत सापडावयाचे नाही म्हणून त्यांनी लहानसे पिस्तूल काढले आणि ते गोळ्यांना बळी पडले. पत्र मिळूनही तेथील एकाही दैनिकाने ते छापले नाही. सालाझारच्या सेन्सॉरखाली १९६१ पर्यंत निघालेली गोमंतकीय वृत्तपत्रे ज्यांनी चाळली आहेत, त्यांना ती शांतता अनोळखी वाटू नये.

ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायालयाने नौदलाच्या अनेक अधिकाऱ्यांना जन्मठेप दिली. वॉल्श यांचा खून हाही त्यांच्यावरील आरोपांत होता. नौदलाच्या यांत्रिकी विद्यालयात त्यांचा मृतदेह पाहिल्याचे वाचलेल्या बंदिवानांनी सांगितले. तो मृतदेह, आणि घरावर छापा घालून नेलेल्या त्यांच्या अप्रकाशित कथा, आजवर सापडलेल्या नाहीत.