वासुदेव बळवंत फडके

शलमोन राजा वारल्यावर त्याचा पुत्र रहबाम गादीवर आला, तेव्हा इस्राएलाचे लोक शखेमास जमले आणि बापाच्या कारकिर्दीतील जड जू थोडे हलके करावे, अशी त्यांनी नव्या राजास विनंती केली. वृद्ध मंत्र्यांनी विनंती मान्य करण्याची सल्ला दिली. सोबत्यांनी जू अधिक जड करण्याची दिली. राजाने सोबत्यांचे ऐकले. बारांपैकी दहा वंश फुटून निघाले आणि वसुलीवर नेमलेला अधिकारी लोकांच्या धोंड्यांखाली मेला. ही कथा आमचे विद्यार्थी शास्त्रपाठाच्या तासास शिकतात; इतिहासाच्या तासास अमेरिकेतील वसाहतींची शिकतात. 1765 साली मुद्रांकाचा कर बसला, 1773 साली बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात पडल्या आणि 1776 साली इंग्लंडचे राज्य झुगारल्याचा जाहीरनामा निघाला. कर देणाऱ्याचे म्हणणे कोणी ऐकून घेत नव्हते, हे दोन्ही कथांतील मूळ दुखणे होय. याच दुखण्यातून आमच्या महाराष्ट्रात एक बंड उठले. त्याचा नायक कोणी संस्थानिक वा सरदार नसून सरकारच्याच कचेरीतील एक कारकून होता. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 रोजी पनवेलजवळच्या शिरढोण गावी झाला. जवळच कर्नाळ्याचा किल्ला उभा आहे. त्यांचे आजोबा त्या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि 1818 साली पेशवाईबरोबर किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला. गेलेल्या राज्याच्या गोष्टी ऐकतच वासुदेवराव वाढले. कल्याण, पुणे व मुंबई येथे थोडेबहुत इंग्रजी शिक्षण घेऊन त्यांनी प्रथम रेल्वेत व नंतर पुण्यास लष्करी हिशेबाच्या खात्यात नोकरी धरली. कामात ते चोख होते. सरकारविरुद्ध शस्त्र धरण्याचा विचार तेव्हा त्यांच्या स्वप्नातही नसावा.

1870 च्या सुमारास त्यांची आई शिरढोणास अंथरुणास खिळली. वासुदेवरावांनी रजेचा अर्ज केला. परंतु रजा वेळेवर मिळाली नाही आणि ते घरी पोहोचले तो आई निवर्तली होती. पुढे वर्षश्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारण्यात आली. सरकारच्या दृष्टीने हा एका अर्जावरचा एक शेरा होता. त्या मुलाच्या काळजास मात्र तो जन्मभर झोंबत राहिला. तथापि केवळ या दुःखाने ते बंडखोर झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरचा घाव सोसून मनुष्य पुष्कळदा गप्प बसतो. तोच घाव हजारो घरांवर पडताना दिसू लागला, म्हणजे गप्प बसणे कठीण होते.

त्याच सुमारास, 1870 साली, पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व्याख्यानांतून देशाचे दारिद्र्य आणि परदेशी व्यापाराने होणारी आर्थिक हानी यांचा उलगडा करीत. ती व्याख्याने ऐकून वासुदेवरावांनी स्वदेशी वस्तू वापरण्याचे व्रत घेतले. वामनराव भावे व लक्ष्मणराव इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी पुण्यात स्वदेशी शिक्षणाची संस्था चालविण्यास हात दिला. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते मर्दानी विद्या शिकले. शब्द आणि शस्त्र या दोन्ही वाटा अशा रीतीने त्यांच्यापुढे एकाच वेळी उघड्या होत्या.

आता रयतेकडे वळू. इंग्रजी मुलखात जमिनीचा सारा शेतवार ठरलेला असे व तो रोकड रुपयांत भरावा लागे. पीक सोळा आणे येवो की चार आणे येवो, हप्त्याची तारीख टळत नसे. तारीख आली की कुणबी सावकाराच्या दारी जाई, कागदावर अंगठा उठवी आणि सारा भरी. तीस वर्षांची मुदत संपून नवी पाहणी झाली, तेव्हा इंदापूर, भीमथडी या तालुक्यांत आकार पुष्कळ वाढला. 1875 च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे व वह्या जाळल्या आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. हा पहिला इशारा होता.

त्यावर 1876 साली पाऊस पडला नाही. दोन वर्षांच्या त्या दुष्काळात हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असे मानतात. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या पुरुषास, सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार, एक पौंड म्हणजे सुमारे अर्धा शेर धान्याची किंमत आणि वर एक आणा, एवढी मजुरी ठरली. एवढ्यावर अंगमेहनत होणे शक्य नव्हते. मजुरांनी ठिकठिकाणी कामे सोडली आणि सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज केले. त्याच 1877 साली टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले. वर्ष संपता संपता मुंबई इलाख्यात मिठावरील कर मणामागे 1 रुपया 13 आण्यांवरून 2 रुपये 8 आण्यांवर गेला. 1878 साली व्यापार-धंद्यांवर लायसन्सचा कर बसला व त्यावरून सुरतेस दंगा झाला. सामान्य माणसाच्या भाकरीवरचे मीठही महागले, ते त्याच्या घरात भाकरीच नव्हती अशा दिवसांत.

वासुदेवराव गावोगाव हिंडून हे सारे डोळ्यांनी पाहत होते. अर्ज करणाऱ्यांचे काय होते, हे तर ते स्वानुभवाने जाणत होते. परकीय राज्य बळानेच उलथले पाहिजे, असा त्यांचा निश्चय झाला. प्रथम ते शिकलेल्या व श्रीमंत लोकांकडे गेले. कोणी द्रव्य दिले नाही, कोणी सोबत आले नाही. तेव्हा पुण्याच्या या ब्राह्मण कारकुनाने रामोशी, कोळी, धनगर अशा लोकांस हाक दिली. समाजाने दूर ठेवलेल्या त्या लोकांत त्यांना पहिले सोबती मिळाले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावी.

23 फेब्रुवारी 1879 रोजी शिरूर तालुक्यातील धामारी गावावर पहिला छापा पडला. पुढे आणखी काही गावे लुटली गेली. मे महिन्यात त्यांचा सहकारी दौलतराव नाईक याने पनवेलजवळच्या पळस्पे व चिखली येथे मोठी लूट मिळविली. परंतु घाट चढून परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठून त्यास ठार केले. त्याच महिन्यात वासुदेवरावांचा जाहीरनामा निघाला. त्यात शेतसारा कमी करावा, लोकांस काम द्यावे, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार उतरवावेत, अशा मागण्या असून त्या न मानल्यास बंड वाढेल अशी धमकी होती. गव्हर्नरच्या डोक्यास इनामही लावले होते. सरकार हादरले, लष्कर गावोगाव फिरू लागले.

येथे आम्हांस आमचे मत स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांचा हेतू उदात्त होता. मार्ग मात्र आम्हांस मान्य नाही. लुटलेले सावकार याच देशाचे होते आणि लष्कराचा जाच शेवटी गरीब खेड्यांसच झाला. पैशाच्या आशेने आलेली माणसे लूट वाटून घेऊन पांगत. स्वराज्यासाठी उभारलेली फौज दरोडेखोरांची टोळी होऊ पाहते, हे पाहून वासुदेवराव स्वतःच खचले. कृष्णाकाठी श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या देवळी जाऊन देह ठेवावा, असेही त्यांच्या मनात आले. त्यांनी आपले आत्मवृत्त लिहून ठेविले. दुर्दैवाने तेच पुढे खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा झाले.

शेवटचा प्रयत्न त्यांनी निजामाच्या मुलखात केला. आमचे नांदेड व लातूर त्या काळी याच राज्यात होते आणि इंग्रजी मुलखातील लोक त्यास मोगलाई म्हणत. गाणगापुराच्या बाजूस रोहिल्यांची पाचशे माणसांची फौज जमविण्याचा त्यांचा बेत होता. परंतु मेजर डॅनियल व निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक त्यांच्या मागावर होते. 20 जुलै 1879 रोजी, त्या वेळच्या कलादगी जिल्ह्यात देवर नावदगी गावी, तापाने फणफणून निजलेल्या स्थितीत ते पकडले गेले.

पुण्यास खटला चालला. वकिलपत्र घेण्यास गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका पुढे आले. महादेव चिमणाजी आपटे यांनीही काम चालविले. आयुष्यभर अर्ज-विनंत्यांची वाट चालणारे सार्वजनिक काका तलवारीच्या वाटेने गेलेल्या मनुष्याच्या बचावास उभे राहिले, यात त्यांचे मोठे धैर्य दिसते. शिक्षा जन्मठेप हद्दपारीची झाली. 1880 च्या जानेवारीत वासुदेवरावांस एडनच्या तुरुंगात नेले. तेथे कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते एकदा निसटले. पण त्या ओसाड, परक्या मुलखात लवकरच धरले गेले. 17 फेब्रुवारी 1883 रोजी वयाच्या सदतिसाव्या वर्षी एडनमध्येच त्यांचा अंत झाला.

बंड काही महिन्यांत संपले, परंतु त्यामागील गाऱ्हाणी संपली नव्हती. 1879 च्या अखेरीस सरकारने दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. दुष्काळाची चौकशी करणाऱ्या कमिशनने 1880 साली अहवाल दिला व त्यावरून दुष्काळनिवारणाचे नियम तयार झाले. जे शेखेमासारख्या विनंतीच्या वेळी करावयाचे, ते लाखो माणसे मेल्यावर झाले. 1885 साली राष्ट्रीय सभा स्थापन झाली आणि गाऱ्हाण्यास देशव्यापी आवाज मिळाला.

देवर नावदगी ज्या सिंदगी भागात आहे, त्याच सिंदगीस 1903 साली स्वामी रामानंद तीर्थ जन्मले. हैदराबाद संस्थानाच्या मुक्तीसाठी त्यांनी मराठवाड्याच्या लोकांस संघटित केले आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी आमचा मुलुख मुक्त झाला. नांदेडचे विद्यापीठ त्यांच्याच नावाने चालते. एकाकी बंडवाल्याचा जेथे शेवट झाला, त्याच मातीत लोकांस बरोबर घेऊन चालणारा नेता निपजला.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या तलाठी, कारकून, मामलेदार वा त्याहून मोठे अधिकारी व्हाल. तुमच्या मेजावर रोज अर्ज येतील. कोणाचा पीक बुडाल्याचा, कोणाचा आजारी आईसाठी रजेचा. शेरा मारण्यापूर्वी तो अर्ज शेवटपर्यंत वाचावा आणि अर्जदार दारात उभा असेल तर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढेच या चरित्रावरून आम्ही तुम्हांस सांगू इच्छितो.