ताऱ्यांच्या प्रकाशाचा वाचक

लंडन शहराच्या गजबजलेल्या कॉर्नहिल भागात रेशमी कापडाचे एक दुकान होते. त्या दुकानदाराच्या पोटी ७ फेब्रुवारी १८२४ रोजी विल्यम हगिन्स यांचा जन्म झाला. केंब्रिज विद्यापीठात जाऊन शिकावे, अशी विल्यम यांची फार मनीषा होती. परंतु वडिलांची प्रकृती ढासळली आणि ऐन उमेदीच्या वयात त्यांना दुकानाचा कारभार हाती घ्यावा लागला. दिवसा गिऱ्हाइके आणि रात्री दुर्बीण, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालला. पुढे दुकान विकून ते टल्स हिल या भागात राहावयास गेले आणि १८५६ साली घराच्या आवारात त्यांनी स्वखर्चाने एक लहानशी वेधशाळा बांधली.

त्या काळी ज्योतिषी ताऱ्यांची स्थाने मोजीत. पण तारे कशाचे बनले आहेत, हे मनुष्याला कधीच कळणार नाही, असे मोठमोठे पंडित मानीत. फ्रान्समधील तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत यांनी तर १८३५ साली तसे लिहूनच ठेवले होते. तारा हाती कसा यावा आणि त्याची परीक्षा प्रयोगशाळेत कशी व्हावी?

१८५९ साली जर्मनीत किर्खोफ आणि बुन्सेन यांनी या प्रश्नाचे कुलूप उघडले. काचेच्या लोलकातून प्रकाश गेला की त्याचा रंगीत वर्णपट पडतो, हे तुम्हांस ठाऊक आहेच. प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूप झाले की वर्णपटात ठरावीक जागी आपल्या तेजस्वी रेषा उमटविते. सूर्याच्या वर्णपटात नेमक्या त्याच जागी काळ्या रेषा असतात. कारण सूर्याभोवतीचे वायू तेवढाच प्रकाश गिळून टाकतात. ही वार्ता कानी येताच हगिन्स यांना आपले जीवितकार्य सापडले. शेजारी राहणारे रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम मिलर यांना त्यांनी गळ घातली. ताऱ्यांचा प्रकाश इतका क्षीण, त्यात रेषा कशा दिसणार, म्हणून मिलर प्रथम साशंक होते. तरीही दोघे कामाला लागले. दुर्बिणीशेजारी विद्युतघट, रसायनांच्या बाटल्या आणि बुन्सेनचे दिवे यांची दाटी झाली. ताऱ्यांतही लोह, सोडियम, कॅल्शियम अशी पृथ्वीवरचीच द्रव्ये आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

२९ ऑगस्ट १८६४ ची रात्र मात्र सर्वांत मोलाची ठरली. आकाशात ढगासारखे अंधुक ठिपके दिसतात. त्यांना तेजोमेघ म्हणतात. ते असंख्य दूरस्थ ताऱ्यांचे पुंजके असावेत, असे पुष्कळांचे मत होते. हगिन्स यांनी कालेय या तारकासमूहातील एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळविला. रंगीत पट्टा दिसेना. दिसली ती एकच हिरवट रेषा! यंत्रच बिघडले असावे, असे त्यांना क्षणभर वाटले. पुन्हा निरखून पाहिले, तेव्हा आणखी दोन फिकट रेषा दिसल्या. ताऱ्यांचा पुंजका असता, तर सलग वर्णपट पडला असता. तो तेजोमेघ तप्त वायूचा होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद एका रात्रीत सुटला, निदान त्या तेजोमेघापुरता.

१८६६ च्या मे महिन्यात उत्तर मुकुट तारकासमूहात एक तारा एकाएकी भडकला. हगिन्स यांनी त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. (हाच तारा १९४६ साली पुन्हा भडकला.) नवल असे की, त्याच मुकुटात याच्या अगदी उलट स्वभावाचा एक तारा आहे. एडवर्ड पिगॉट यांनी १७९५ साली त्याचे चमत्कारिक वागणे प्रथम ओळखले. एरवी नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा तारा कधीतरी, पूर्वसूचना न देता, काही आठवड्यांत हजारपटीहून अधिक मंद होतो आणि सावकाश पूर्ववत होतो. हे काजळीचे काम आहे! त्याच्या वातावरणात हायड्रोजन अगदी थोडा व कार्बन विपुल आहे. त्या कार्बनची धूळ जमून ताऱ्यावर पडदा पडतो. पडदा पडला की वर्णपटातील काळ्या रेषांच्या जागी तेजस्वी रेषा दिसू लागतात. पडदा केव्हा पडेल, हे कोणासही सांगता येत नाही. म्हणून आजही अनेक हौशी निरीक्षक घरच्या दुर्बिणींतून त्याच्यावर पाळत ठेवतात.

१८६८ साली हगिन्स यांनी एका धूमकेतूतही कार्बन हुडकला. प्रयोगशाळेतील कार्बनयुक्त वायूत विजेची ठिणगी पाडून त्यांनी दोन्ही वर्णपट ताडून पाहिले, ते जुळले. त्याच वर्षी रेषांच्या सरकण्यावरून व्याधाचा वेग मोजण्याचा प्रयत्न त्यांनी केला. त्यांचा आकडा चुकला, पण रीत बरोबर होती आणि ती आजही चालते.

१८७५ साली डब्लिनच्या मार्गारेट मरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मार्गारेटबाई छायाचित्रणात निपुण होत्या. पतिपत्नींनी मिळून वर्णपटांची छायाचित्रे घेतली आणि १८९९ साली त्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांच्या घरी केप्लर नावाचा एक धिप्पाड कुत्रा होता. तो म्हणे भुंकून गणिताची उत्तरे देई! खरे तर तो धन्याच्या चेहऱ्याकडे पाहून थांबे.

तेजोमेघातील त्या हिरव्या रेषेने मात्र हगिन्स यांना अखेरपर्यंत चकविले. ती मॅग्नेशियमची आहे, असे नॉर्मन लॉकयर म्हणत. हगिन्स यांना ते मान्य नव्हते. १८९१ साली पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेतून प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा वेध घेतला. त्यांचा निष्कर्ष हगिन्स यांच्याच बाजूचा निघाला.

विद्यापीठाची पदवी नसलेले हगिन्स १९०० साली रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. १२ मे १९१० रोजी ते निवर्तले. पुढे १९२७ साली अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी त्या रेषेचे कोडे उलगडले. ती कोणा अज्ञात द्रव्याची नव्हती. अत्यंत विरळ अवस्थेतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची होती.