अब्राहम वाल्ड

अब्राहम वाल्ड (३१ ऑक्टोबर, १९०२ – १३ डिसेंबर, १९५०) हे अमेरिकेत स्थायिक झालेले गणितज्ञ व संख्याशास्त्रज्ञ होते. उत्पादित मालाची तपासणी नेमकी कोठे थांबवावी, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या क्रमिक विश्लेषणाने दिले.

जीवन

वाल्ड यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील कोलोझव्हार (आताचे रोमेनियातील क्लुज) येथे धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबात झाला. शाळा शनिवारीही भरत असे आणि तो ज्यूंचा विश्रामदिन असल्याने त्यांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. १९३१ मध्ये त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून कार्ल मेंगर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. मात्र ज्यू असल्यामुळे तेथे त्यांना अध्यापकपद मिळणे जवळपास अशक्य होते. १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर ते अमेरिकेस गेले व पुढे कोलंबिया विद्यापीठात रुजू झाले. युरोपात राहिलेल्या त्यांच्या बहुतेक आप्तांचा नाझींनी बळी घेतला.

क्रमिक परीक्षण

दुसऱ्या महायुद्धात वाल्ड कोलंबियातील संख्याशास्त्रीय संशोधन गटासाठी काम करीत. त्या काळी परिकल्पना परीक्षणात नमुन्याचा आकार सामान्यतः आधीच ठरवला जाई आणि सर्व नग तपासून झाल्यावर निर्णय घेतला जाई. दारूगोळ्याच्या बाबतीत ही पद्धत फार महाग पडे, कारण चाचणीसाठी उडवलेला प्रत्येक गोळा वायाच जातो. निकाल अर्ध्यावर स्पष्ट दिसला, तर चाचणी तेथेच थांबवता येईल का, हा प्रश्न ॲलन वॉलिस व मिल्टन फ्रीडमन यांनी १९४३ मध्ये वाल्ड यांच्यापुढे मांडला.

वाल्ड यांच्या पद्धतीत प्रत्येक नगानंतर एक गुणोत्तर काढले जाते : माल सदोष असता तर आतापर्यंतचे निकाल मिळण्याची संभाव्यता, भागिले माल चांगला असता तर तेच निकाल मिळण्याची संभाव्यता. हे गुणोत्तर वरच्या मर्यादेस पोचल्यास माल नाकारावा, खालच्या मर्यादेस पोचल्यास स्वीकारावा, अन्यथा पुढचा नग घ्यावा. चांगला माल नाकारण्याची व सदोष माल स्वीकारण्याची जोखीम प्रत्येकी ५ टक्के धरल्यास या मर्यादा सुमारे १९ व १/१९ येतात. तपासनिसाला आकडेमोड करावी लागत नसे. आलेखावरील दोन समांतर रेषांमध्ये सदोष नगांची नोंद करीत जाणे पुरे होई. नगांची बचत अनेकदा निम्म्याच्या आसपास असे.

ही पद्धत १९४५ पर्यंत गोपनीय होती. १९४८ मध्ये वाल्ड व जेकब वुल्फोविट्झ यांनी सिद्ध केले, की तेवढ्याच जोखमीत याहून कमी सरासरी नगांवर निर्णय देणारे परीक्षण असू शकत नाही. युद्धविमानांवरील गोळ्यांच्या छिद्रांविषयीचे त्यांचे विश्लेषण आज अधिक सांगितले जाते. कारखान्यांना उपयोग झाला तो मात्र क्रमिक परीक्षणाचा.

मृत्यू

१९५० मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून वाल्ड व्याख्यानांसाठी भारतात आले होते. या दौऱ्यात नीलगिरी पर्वतात झालेल्या विमान अपघातात त्यांचा व त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला. त्यांचे पुत्र रॉबर्ट वाल्ड पुढे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ झाले.