बाकाबाईसाहेब भोसले

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात काळ्या मारबतीची मिरवणूक निघते आणि शेवटी तिला जाळतात. ही प्रथा 1881 सालापासूनची. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाई, असे जुनी माणसे सांगतात. पण ही बाई कोणाची कोण, तिच्यावर काय काय गुदरले, हे त्या गर्दीत कळत नाही. म्हणून मी यादव माधव काळे यांचा 1934 सालचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ वाचनालयातून आणून दुपारी दुपारी वाचला. इंग्रजी गॅझेटियर भाच्याने समजावून दिले. दरबारी कागदांत बायकांची नावे यायची ती लग्न, दत्तक आणि तनखा यांपुरती. त्यांतूनच नात्याचा धागा काढावा लागतो.

बाकाबाईसाहेब ही दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. 1816 च्या मार्चमध्ये राजे वारले. गादीवर सावत्र मुलगा परसोजी आला, तो शरीराने पांगळा. कारभार पुतण्या आप्पासाहेबांनी घेतला आणि 1 फेब्रुवारी 1817 रोजी परसोजी अंथरुणात मेलेला आढळला. त्याच साली नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब हरले. 1818 त इंग्रजांनी राजांच्या मुलीचा मुलगा बाजीबा याला तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसवले. मुलगा लहान. वाड्याची देखरेख बाकाबाईसाहेबांकडे आणि राज्य रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती, अशी वाटणी झाली.

हा नातूही 11 डिसेंबर 1853 रोजी गेला. पोटी मुलगा नव्हता. घरच्या राण्यांनी यशवंतराव अहेररावांना दत्तक घेऊन जानोजी नाव ठेवले, पण डलहौसीने ते मानले नाही आणि 1854 त राज्य खालसा केले. मग हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, दागिने विकायला कलकत्त्याला गेले. वाड्यातले सामान हलवू लागले तेव्हा मात्र या म्हातारीने वाडाच पेटवून देईन असे बजावले. सत्तरी उलटलेली बाई! मारबतीच्या दिवशी ही गोष्ट कोणी सांगत नाही.

तीन वर्षांनी, 1857 त, नागपुरात घोडेस्वारांचा उठाव ठरला होता. तो फसला, काहींना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी झाली. त्या वेळी बाकाबाईसाहेबांनी आपले वजन इंग्रजांच्या बाजूने टाकले आणि आपल्या माणसांना उठू दिले नाही. गॅझेटियर त्याबद्दल तिची स्तुती करते, लोक त्याचसाठी तिला जाळतात. फासावर गेलेल्यांच्या घरच्यांनी तिला का क्षमा करावी, हेही खरेच. पण सीताबर्डीला हरल्यावर घराचे काय होते ते तिने एकदा पाहिले होते, आणि दत्तकाचा निकाल इंग्रजांच्याच हाती होता. माझ्या मते तिने घर राखायचे पाहिले.

1858 त ती वारली. तिच्या राजनिष्ठेबद्दल पुढे जानोजींना सरकारने मान्यता दिली आणि राजाबहादूर हा किताब दिला, तो नागपूरचा नव्हे, सातारा जिल्ह्यातल्या देऊर गावचा.